तेलाच्या डब्यातला ॲम्प्लिफायर

एकोडी, ११ सप्टेंबर १९८१

आज दादाने माझा रेडिओ उखळात घालून कांडला. मुसळ उचललं आणि धान कांडावं तसा कांडला, अगदी मन लावून. शेवटी स्पीकरचा कागद तेवढा चपटा होऊन वर आला. गुन्हा काय, तर तो मोहाची पिऊन पडलेला असताना बातम्या लागल्या. म्हणाला, "या घरात आवाज पायजे त माह्या एकट्याचा."

दादा म्हणजे यादोराव, माझा थोरला भाऊ. तुमसरच्या गिरण्यांना धान पुरवतो. गावात लोक त्याला वाकून रामराम घालतात. घरात त्याच्याशिवाय तिघं, माय, वहिनी आणि मी. मी भोजराज, बी. एस्सी. अर्धवट सोडून रेडिओ दुरुस्ती शिकलेला, म्हणजे दादाच्या भाषेत 'फुकटचा इंजिनेर'.

रेडिओ संपल्यावर वहिनीची पाळी आली. ती हसली असं त्याला वाटलं. ती हसली नव्हती, तिला पदराने तोंड पुसायची सवय आहे. त्याने केस धरून तिला ओसरीच्या खांबावर आपटलं. माय मध्ये पडली, तर तेच मुसळ मायच्या उजव्या मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मी आतल्या खोलीतून ऐकला. गावातल्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या आहेत. त्याला सांगितलं, पाय घसरून पडली.

मी बाहेर गेलो नाही. लिहायला लाज वाटते, पण ही वही माझी एकट्याची आहे. गेल्या उन्हाळ्यात मध्ये पडलो होतो, तेव्हा पुढचा दात गमावून बसलो. वहिनीचा मार काही कमी झाला नाही. आता मी ठरवलं आहे की बाहेर आवाजच न करणारा रेडिओ करायचा. कानाला हेडफोन, आणि घर चिडीचूप.

१५ सप्टेंबर

साकोलीला परसरामच्या दुकानात गेलो. मी काय ते याच माणसाकडून शिकलो. आधी हसला. "हेडफोनसाठी वेगळा ॲम्प्लिफायर? एकोडीत?" मग माळ्यावर चढून व्हॉल्व्हचा एक जुना सेट काढून दिला. लाकडी पेटी उधईने खाल्लेली, आतला लोखंडी सांगाडा शाबूत. वर नागपूरच्या भंगारातून आणलेला लष्करी हेडफोनही दिला, कातडी गाद्यांचा, विटेएवढा जड. बदल्यात त्याचे चार रेडिओ मी नीट करून द्यायचे.

या जातीच्या सेटला मोठा ट्रान्सफॉर्मर नसतो. म्हणून तो माझ्यासारख्याला परवडतो. पण त्यामुळे घरची वीज थेट सांगाड्यात शिरते. मी निघताना परसराम बजावून म्हणाला, "लाकडी पेटीत बंद कर मंग लाव. उघडा ठेवशीन त जीव घेईन हा."

सुतार मारोतरावला पेटी सांगितली. म्हणाला, मंडईचा मंच बांधून झाला की करतो. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे आमच्या नाटकांच्या जत्रेला, अजून पावणेदोन महिने आहेत, पण हा माणूस आत्तापासून मंचाच्या फळ्या मोजत बसला आहे. गावाला नाटक आधी, बाकी सगळं मागाहून.

२२ सप्टेंबर

चालू झाला! आणि चालू झाल्याबरोबर त्याने मला भिंतीवर फेकलं.

डावा हात सांगाड्यावर, पाय अनवाणी, जमीन सकाळच्या सारवणाने ओलसर. दंडातून छातीपर्यंत कोणीतरी करवत ओढली. जीभ चावली गेली, तोंड रक्ताने भरलं. वहिनी सूप टाकून धावत आली. मी हसलो तेव्हा दात लाल दिसले असावेत, ती ओरडणार होती पण तोंडावर हात दाबून थांबली. दादा घरात होता.

चूक लगेच सापडली. आमच्या बोर्डाला दोनच छिद्रं. पिन सुलटी लावली तर सांगाडा थंड, उलटी लावली तर सगळी वीज सांगाड्यावर. मायच्या डबीतला चुना घेऊन पिनेच्या एका बाजूला ठिपका दिला. ठिपका वर, तर भीती नाही. शिवाय दर वेळी टेस्टर लावून बघायचं, आतला दिवा लागला की समजायचं उलटी आहे.

वहिनी सगळं बघत होती. म्हणाली, "ठिपका खाली असला त मानूस मरते का?"

मी म्हटलं, "पाय कोरडे असले, खाली लाकडाचा पाटला असला, त फेकल्या जाते. पाय वले, जमीन वली, आन दोन्ही हातानं पकडला, त मंग सुटत नाही."

या घरात पहिल्यांदा कोणी माझ्या कामाबद्दल काही विचारलं. छान वाटलं.

२९ सप्टेंबर

दादाने वहिनीचं डोकं पाण्याच्या रांजणात दाबून धरलं. डाळीत मीठ जास्त होतं.

ओसरीवरून मला तिचे पाय दिसत होते. टाचा जमिनीवर घासत होत्या, मग घासायच्या थांबल्या. तेव्हा मात्र मी ओरडत गेलो. दादाने एका हाताने तिला सोडलं आणि दुसऱ्याने मला चुलीवरची सळई मारली. खांद्याची कातडी सळईला चिकटून निघाली. वहिनी जमिनीवर पडून पाणी ओकत होती. त्यात डाळही होती, म्हणजे त्याने तिला आधी जेवू दिलं होतं आणि मग चव आठवली.

जाताना म्हणाला, "धान निघू दे. माल तुमसरले गेला का दुसरी आनतो. आन हिले तलावात नेऊन टाकतो, रांजनात कायले दाबत बसू?"

ही धमकी नव्हे, हे आम्हा सर्वांना माहीत आहे. दादा जे बोलतो ते करतो. गावात त्याची तीच तर पत आहे.

५ ऑक्टोबर

गुणगुण जात नव्हती. हेडफोन लावला की माशी कानात शिरल्यासारखं. सांगाड्याला चारही बाजूंनी पत्र्याचं आवरण हवं होतं. वहिनीने घरामागच्या सांदवाडीतून गोडेतेलाचा रिकामा डबा आणून दिला. कापला, सांगाड्याला नटबोल्टने आवळला. गुणगुण बंद!

काय सांगू, कसा आवाज आहे. तबल्यावर बोट टेकतं तेही ऐकू येतं. गाणाऱ्या बाईने श्वास घेतला तर मी थांबलो. पत्र्याच्या डब्यात, भंगाराच्या हेडफोनात, एकोडीत! मला रडू आलं. लिहून ठेवतो, कोण बघतंय.

मग एक मजेदार गोष्ट झाली. अर्ध्या तासाने हेडफोन काढला तर वहिनी दारात बसलेली, ओठ फुटलेला, बांगड्यांचे तुकडे पदरात. म्हणजे तेवढ्यात शेजारच्या खोलीत सगळा प्रकार होऊन गेला होता.

तिने विचारलं, "भाऊजी, ते लावलं का तुमाले आमचं काही आयकू येते का?"

"काहीच नाही!" मी म्हटलं. "भिंत पडली तरी आयकू येनार नाही."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिला यातली किमया कळली असावी. मला स्वतःलाच अजून खरं वाटत नाही.

१९ ऑक्टोबर

परसराम सायकलने आला, ॲम्प्लिफायर ऐकला, डोळे मिटून मान हलवली. मग डबा बघितला आणि मला आईवरून शिवी दिली. "उघडा पत्रा? सांगाड्याले आवळून? लेका, मी काय सांगितलं होतं?"

मी ठिपका दाखवला, टेस्टर दाखवला. तो म्हणाला, चुन्याच्या भरवशावर कोणी जगतं का. मी पुन्हा मारोतरावकडे गेलो. तो मंचाच्या बल्ल्या रोवत होता. "मंडई होऊ दे," एवढंच.

३० ऑक्टोबर

काल भाऊबीज झाली. सानगडीहून वहिनीचा भाऊ टिकाराम आला. ओवाळून झाल्यावर ती वाढायला वाकली तेव्हा बाही वर सरकली आणि कोपरापासून वर दंड पूर्ण निळा दिसला. टिकाराम पुरणपोळी खात होता. पुढची पोळी त्याने खाली बघूनच खाल्ली.

निघताना ती त्याच्या मागे सायकलपर्यंत गेली. "भाऊ, मले घेऊन चाल. धान निघालं का हा मले मारून टाकते." मी विहिरीवर होतो, स्पष्ट ऐकलं. तो म्हणाला, "असं बोलू नये रत्ना. मानूस तापट आहे, सांभाळून घे." आणि गेला.

काय भाऊ म्हणायचा हा! डोळे असून आंधळा. बहिणीचा दंड समोर दिसतो आणि पोळी घशाखाली उतरते कशी? मला इतका संताप आला की एक सांधाही नीट झाळता येईना. शेवटी हेडफोन लावून बसलो तेव्हा डोकं शांत झालं.

४ नोव्हेंबर

धान कापून झालं. भाऱ्यांचे ढीग, पुंजणे, रचले. मळणी मंडईनंतर.

दादाने आज वहिनीला पुंजण्यावर नेऊन विळ्याची मूठ तोंडात मारली. दोन दाढा गेल्या. मजुरांच्या बायका बघत होत्या, त्यांना म्हणाला, "तुमच्या नवऱ्याईनं बी शिकावं." मग घरी येऊन माझ्या खोलीत आला. टेबलावरची हत्यारं, तारा, मी जमवलेले व्हॉल्व्ह, सगळं दोन्ही हातांनी कवेत धरून अंगणात भिरकावलं. त्याची ती रीतच आहे, राग आला की जे दिसेल ते दोन्ही हातांनी उचलायचं. डबा मी तेवढा खाटेखाली ढकलला होता.

माय अजून न जुळलेला, कामट्या बांधलेला हात मांडीवर ठेवून ओसरीवर बसली होती. संध्याकाळी वहिनीने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. माय डाव्या हाताने तिच्या जबड्याचं रक्त पुसत राहिली. मी गेलो तशा दोघी गप्प झाल्या.

८ नोव्हेंबर

उद्या मंडई. आज वहिनीने आपणहून म्हटलं, "भाऊजी, उद्या मले आयकू द्याल का? हे मंडईले जातील, तवा."

तिला ऐकावंसं वाटलं याचं मला किती बरं वाटलं! तिने पुन्हा ठिपक्याचं विचारलं. वर का खाली, दोनदा विचारलं. काळ्या बटणाला हात लावला तर चालतो का? मी म्हटलं, बटण बॅकेलाइटचं, खुशाल फिरवा, फक्त पत्र्याला शिवू नका. तिने मान हलवली. शाळेत शिकवली असती तर चांगली शिकली असती ही बाई.

९ नोव्हेंबर

दादा गेला. माझ्या डब्याने गेला.

नीट लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारपासून मंडईचे कर्णे वाजत होते. दादा तिकडेच पीत होता. दिवस कलताना मी वहिनीसाठी सेट लावला. टेस्टर लावून बघितलं, हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. ती हसली. इतक्या वर्षांत तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, दाढा नसलेली बाजू हाताने झाकून. तेवढ्यात पोलीस पाटील भय्याजींनी निरोप धाडला की मंचावरचा कर्णा बंद पडला, ये. मी सेट बंद करू लागलो, तर म्हणाली, "राहू द्या, चांगलं लागलं आहे." मी गेलो. सेट लावण्याच्या नादात बघितलं नव्हतं, दारात पाय घसरला तेव्हा बघतो तर खोलीची जमीन नुकतीच सारवलेली, चपचप ओली. मी तिला हसलोही, तिन्हीसांजेला कोणी सारवतं का म्हणून.

कर्णा जोडून परत आलो तेव्हा दादा माझ्या खोलीत आडवा होता. डबा छातीशी कवटाळलेला. मान मागे गेलेली, टाचा सारवण खरडत होत्या, पाय एकसारखे थडथडत होते. पत्र्याच्या कडेने तळहात जळून धूर येत होता. त्याचे डोळे उघडे होते आणि माझ्याकडे बघत होते. मी धावत ओसरीवरचा मेन स्विच पाडला. परत आलो तर डोळे तसेच होते, पण बघत नव्हते.

वहिनी दारात उभी होती, पाय धुवायला दिलेला तांब्या अजून हातात. बाहेरून येणाऱ्याच्या पायांवर पाणी घातल्याशिवाय आमच्याकडे घरात घेत नाहीत. आज तिने पाणी थेट खोलीच्या उंबऱ्यावर दिलं होतं. नंतर एवढंच म्हणाली, "मी आयकत होती. ते आले. पाय धुतले. डबा उचलला."

माय ओसरीवरच बसून होती. मेन स्विच तिच्या डोक्यावर, हात वर केला असता तरी पोचला असता. धक्क्याने तिचे पाय गेले असणार. कोणी ओरडलं कसं नाही, हे मला कळत नाही. ओरडलं असेलही, कर्ण्यांपुढे कोणाला ऐकू येणार?

मी बोर्डाजवळ गेलो. पिन तशीच होती. ठिपका खाली.

१० नोव्हेंबर

साकोलीहून पोलीस जमादार आला. मी सगळं सांगितलं, पेटी केली नाही, परसरामचं ऐकलं नाही, घाईत पिन उलटी लावली.

जमादाराने बुटाने जमीन उकरली. "हे खालून अजून वलं काहून आहे? संध्याकाळी कोनं सारवलं?"

वहिनीने तोंड उघडलं, त्याआधी माय म्हणाली, "मी सारवलं. मंडईचे पाहुने येनार होते."

मायचा उजवा हात कामट्यांत आहे. डाव्या हाताने तिला पदरही नीट सावरता येत नाही. दुःखाने तिला भ्रम झाला असावा.

मग जमादार वहिनीकडे वळला. तिचा जबडा बघितला, दंड बघितला. "बाई, हे कसं झालं?" तेव्हा माय उठली आणि सगळ्या गावासमोर मला इतक्या जोरात थोबाडीत मारली की मी भिंतीवर आपटलो. "ह्यानं मारलं माह्या पोराले! ह्याच्या डब्यानं मारलं! किती सांगितलं फेक तो डबा!" मायने मला कधी डबा फेकायला सांगितलं नव्हतं. ती मारत राहिली, मी मार खात राहिलो, भय्याजींनी तिला धरून बाजूला केलं. जमादाराने कागदावर अपघात लिहिलं. वहिनीला विचारायचं राहूनच गेलं.

१४ नोव्हेंबर

गावात मला बघून बायका पोरांना आत ओढतात. भावाला खाल्लं म्हणतात. म्हणोत. डबा मी तलावात टाकून आलो.

दादाला नेलं तेव्हापासून मायने अन्न घेतलेलं नाही. आज तिच्याजवळ बसलो आणि जे मला झोपू देत नाही ते सांगितलं. मंडईला निघताना मी टेस्टर लावला होता. दिवा लागला नव्हता. मला स्वच्छ आठवतं, वहिनीच्या कानावर हेडफोन ठेवण्याआधी मी पत्र्याला टेस्टर लावला आणि तो लागला नाही. म्हणजे पिन सुलटी होती. मग ती फिरली कशी? "माय, उद्या साकोलीले जाऊन जमादाराले सांगतो. तपास करायला पायजे."

मायने डाव्या हाताने थोबाडीत मारली. मग अजून एक. ओठ दातावर फुटला.

"तू चुकला," ती म्हणाली.

"पन माय, टेस्टर..."

"तू चुकला. म्हन."

"चुकलो."

"जमादारापुढं हेच. गावापुढं हेच. मी मेल्यावर बी हेच. म्हन!"

"चुकलो, माय."

वहिनी दारात भाताचं पातेलं घेऊन उभी होती. तिच्या हातून झाकण सुटलं आणि जमिनीवर खणखणत गेलं. आम्ही तिघंही दचकून दादाच्या खोलीकडे बघितलं. झाकण फिरत फिरत थांबलं. कोणी आलं नाही.

"वाढ," माय म्हणाली. वहिनीने वाढलं. "तुहं बी ताट घे, रत्ना. इथं बस, माह्याजवळ."

वहिनीला पहिल्या पंगतीत बसलेलं मी या घरात कधी पाहिलं नव्हतं. मायचा हात बांधलेला, म्हणून वहिनीच तिला घास भरवत होती, मध्येच एखादा स्वतः खात होती. मी भिंतीशी ओठ दाबून बसलो. दोघींपैकी एकीनेही माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. माझ्यावरचा त्यांचा राग मला समजतो.